सरावाची गोळी आणि घरचा हिशेब

 हातातलं काम चालू द्या, कान मात्र इकडे असू द्या. आज आपण बंदुकीच्या गोळीबद्दल बोलणार आहोत. दचकू नका. भांडणाच्या नाही, खेळाच्या गोळीबद्दल. आपल्या मुली हल्ली एनसीसीत जातात, पोलीस भरतीची तयारी करतात, कोल्हापूरच्या नेमबाजांची नावं घेतात. एखादी घरी येऊन सांगते, ‘आई, मला नेमबाजी शिकायची आहे.’ मग आईच्या मनात पहिला प्रश्न येतो तो खर्चाचा. बंदूक एकदाच घ्यावी लागते, पण गोळी रोज लागते. आणि तेवढ्यात घरातला कुणीतरी पोरगा मोबाइल पुढे करून म्हणतो, ‘हे बघ, अमेरिकेत लोखंडी गोळ्यांची खोकी किती स्वस्त मिळतात. आपल्याकडेही तशीच आणायची.’

तर ही लोखंडी गोळी काय आहे, ती स्वस्त का आहे, ती आपल्या मुलीच्या कामाची आहे का, आणि नसेल तर सराव स्वस्तात कसा होतो, हे सगळं आज आम्ही सांगणार आहोत. शेवटी गटाच्या बैठकीत मांडता येईल असा हिशेबही देऊ.

आधी काडतूस समजून घेऊ. आपण सरसकट ‘गोळी’ म्हणतो, पण दुकानात जे मिळतं ते काडतूस. त्यात चार वस्तू असतात. टोकाला बसवलेली असते ती खरी गोळी, बहुतेक शिशाची. ती लक्ष्याकडे जाते. तिच्या मागे असते दारू. ही बंदुकीची दारू, तिच्याशी आपलं भांडण नाही. दारू पेटवायला बुडाशी ठिणगी देणारा मसाला असतो. आणि हे सगळं ज्या डबीत भरलेलं असतं, ती पुंगळी. वर्तमानपत्रात आपण वाचतो ना, ‘घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’, तीच ही. गोळी उडून जाते, पुंगळी मागे राहते.

आता, पुंगळी नुसती डबी नाही. दारू पेटली की आत प्रचंड दाब होतो. त्या दाबानं पुंगळी फुगते आणि नळीच्या मागच्या भागात घट्ट बसते. त्यामुळे गरम वायू मागे, म्हणजे मारणाऱ्याच्या तोंडाकडे, येत नाही. गोळी गेली की तिनं पुन्हा थोडं आक्रसायचं असतं, म्हणजे ती सहज बाहेर निघते. फुगायचं आणि लगेच मागे यायचं, हे काम पितळ फार छान करतं. म्हणून शंभराहून जास्त वर्षं जगभर काडतुसाची पुंगळी पितळेची आहे. त्या पितळेत साधारण ७० भाग तांबं आणि ३० भाग जस्त असतं.

तांब्या-पितळेचा भाव तुम्हाला सांगायला नको. आपल्या आज्यांच्या फळीवर पितळेचे डबे, पातेली, घंगाळं होतं. दरवर्षी कल्हईवाला दारात बसायचा. मग स्टील आलं. हलकं, स्वस्त, कल्हईची कटकट नाही. बघता बघता पितळ माळ्यावर गेलं, काही घरांतून मोडीत गेलं. काडतुसाच्या दुनियेतही पितळेला पर्याय आला, पण त्याचं कारण होतं युद्ध.

दुसऱ्या महायुद्धात सगळ्याच देशांना तांबं कमी पडू लागलं. जर्मनीनं पोलादी पुंगळ्या मोठ्या प्रमाणावर काढल्या, अमेरिकेनंही पिस्तुलाच्या काडतुसांसाठी काढल्या. तांबं वाचवायला अमेरिकेनं १९४३ साली आपलं एक सेंटचं नाणंसुद्धा जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचं पाडलं. त्याच वर्षी आपल्याकडे मधोमध भोक असलेला पैसा निघाला. जुन्या डब्यात तो अजून सापडतो, काही ठिकाणी लहान मुलांच्या करदोट्यातही ओवायचे. युद्धामुळे धातूची टंचाई होती, म्हणून नाण्याच्या पोटातला धातू वाचवला. म्हणजे आजीच्या डब्यातला भोकाचा पैसा आणि पोलादी पुंगळी या एकाच टंचाईच्या दोन खुणा.

युद्ध संपल्यावर बरेच देश पितळेकडे वळले. रशियानं मात्र पोलाद सोडलं नाही. तिथल्या तुला, बर्नाउल, उल्यानोव्स्क या गावांतल्या कारखान्यांत कलाश्निकोव्ह रायफलची ७.६२ मिलिमीटरची काडतुसं पोलादी पुंगळीत लाखांनी निघत राहिली. पुढे सोव्हिएत संघ मोडला आणि ती अमेरिकेच्या बाजारात जाऊ लागली. अमेरिकेत खासगी माणसाला रायफल ठेवणं सोपं आहे. सुटीच्या दिवशी मैदानावर जाऊन तासभर नेम धरणारे लोक तिथे भरपूर. त्यांना हवी होती स्वस्त, सरावाची गोळी, आणि ती रशियन पोलादी पुंगळीनं दिली. मोबाइलवर जी खोकी दिसतात ती हीच.

आता या स्वस्ताईत काय मिळतं आणि काय जातं ते बघा. बाजारात जाताना आपण हेच तर बघतो.

पहिली गोष्ट. हे पोलाद आपल्या ताटवाट्यांचं नाही. आपलं स्टील गंजत नाही, हे साधं मऊ पोलाद असतं आणि तव्यासारखं गंज धरतं. म्हणून त्यावर लाखेसारखा लेप, प्लॅस्टिकसारखा थर किंवा जस्ताचा मुलामा देतात. ओलीत ठेवलं आणि थर खरवडला गेला की गंज आलाच.

दुसरी गोष्ट. पोलाद फुगतं, पण पितळेइतकं मागे येत नाही. एकात एक घातलेले स्टीलचे पेले कधी कधी असे अडकतात की उपटता उपटत नाहीत. तसंच. ज्या रायफली मुळातच पोलादी पुंगळीसाठी बनल्या, त्यांना त्रास होत नाही. इतर रायफलीत मात्र ती अधूनमधून अडकते.

तिसरी गोष्ट. पितळेची रिकामी पुंगळी परत भरता येते. तिकडचे हौशी लोक पुंगळ्या वेचून, धुऊन, नवी दारू आणि नवी गोळी बसवून त्या पुन्हा वापरतात. पोलादी पुंगळी सहसा कुणी परत भरत नाही, ती भंगारात जाते. आणि भंगारात पितळेला काय भाव मिळतो आणि लोखंडाला काय, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

चौथी गोष्ट गोळीच्या अंगावरच्या वेष्टणाची. या स्वस्त काडतुसांत गोळीचं वेष्टणही बऱ्याचदा पोलादाचं असतं आणि त्यावर तांब्याचा पातळ मुलामा असतो. अशी गोळी नळीला आतून लवकर झिजवते. पोलादी लक्ष्यावर आपटली तर ठिणगी उडते आणि सुकलेलं गवत पेटू शकतं. म्हणून अमेरिकेतल्या अनेक मैदानांवर दारातच लोहचुंबक लावून बघतात. गोळी चुंबकाला चिकटली की आत नेऊ देत नाहीत.

तरीही ती स्वस्त पडते का? तिकडे एक मोठी चाचणी झाली होती. एकाच प्रकारच्या चार रायफली घेऊन प्रत्येकीतून १०,००० काडतुसं झाडायची असं ठरवलं. एका रायफलीला पितळेची, बाकी तिघींना निरनिराळ्या कंपन्यांची पोलादी. पोलादी काडतुसांच्या रायफलींच्या नळ्या फार लवकर झिजल्या. पण काडतुसांवर वाचलेल्या पैशात नवी नळी घेऊनही पैसे उरत होते. म्हणजे ज्याला नुसता आवाज आणि हौस हवी, मोठं लक्ष्य पुरतं, त्याला ते परवडलं. ज्याला गोळी दर वेळी त्याच ठिकाणी लागायला हवी, त्याला झिजलेली नळी कशी परवडेल?

आणि ही स्वस्ताई कायमची नव्हती. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकी सरकारनं जाहीर केलं की रशियन बंदुका आणि काडतुसांच्या आयातीला नवे परवाने मिळणार नाहीत. अलेक्सी नवाल्नी या रशियन विरोधी नेत्यावर झालेल्या विषप्रयोगाबद्दल ते निर्बंध होते. परदेशातून येणाऱ्या स्वस्त मालावर ज्यानं आपली सवय बांधली, त्याची सवय एका कागदानं अडली.

आता आपल्या गावात येऊ. ही पोलादी काडतुसं आपल्या मुलीच्या कामाची आहेत का? अजिबात नाहीत. ती ज्या रायफलींत बसतात, त्या आपल्या देशात सैन्याच्या आणि पोलिसांच्या हातात असतात. खासगी माणसाला त्या मिळत नाहीत. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय एक काडतूस घरात ठेवणंसुद्धा गुन्हा आहे. तेव्हा कुणी म्हणालं, ‘माझ्या ओळखीनं मिळतात’, तर तिथूनच परत फिरा. मुलीचा खेळ राहील बाजूला आणि घर कोर्टकचेरीत अडकेल.

महाराष्ट्रात काडतुसं बनत नाहीत असं नाही. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे. जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ वरणगावलाही कारखाना आहे. पण त्यांचं मुख्य काम सैन्यासाठी.

इथंच एक धोक्याची गोष्ट सांगून ठेवतो. सैन्याच्या गोळीबार मैदानांच्या आसपास ज्यांची गावं आहेत, त्या भगिनींनी हे नीट ऐका. पितळेला भाव आहे म्हणून मैदानातून पुंगळ्या आणि तुकडे वेचून आणायची सवय काही ठिकाणी आहे. त्यात न फुटलेला गोळा हाताला लागला तर काय होतं, हे अनेक घरांनी भोगलं आहे. जमिनीत रुतलेली, गंजलेली, विचित्र आकाराची धातूची वस्तू दिसली तर हात लावू नका, ठोकू नका, चुलीजवळ आणू नका. मुलांना लांब करा, जागेवर लांबूनच खूण करा आणि ११२ वर फोन करा. किलोभर पितळेसाठी घरातला माणूस गमवायचा नाही.

मग आपल्या मुली मारतात तरी काय? दोन प्रकार लक्षात ठेवा.

पहिला, एअर रायफल. तिच्यात दारू नसते, दाबलेली हवा असते. तिच्यातून जातो छर्रा. साडेचार मिलिमीटर जाडीचा, शिशाचा, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा. पुंगळी नाही, दारू नाही, म्हणूनच तो सगळ्यात स्वस्त. लक्ष्य १० मीटरवर असतं, आणि त्याच्या मधोमध दहा गुणांचा जो ठिपका असतो तो अर्ध्या मिलिमीटरचा. खसखशीच्या दाण्याहूनही लहान. स्पर्धेत असे ६० नेम मारायचे असतात.

दुसरा, पॉइंट टू-टू रायफल, तिला बावीस बोअर असंही म्हणतात. तिच्यात खरं काडतूस लागतं, पण लहान. पुंगळी पितळेची, गोळी शिशाची. ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, म्हणून ही पुंगळी परत भरता येत नाही. लक्ष्य ५० मीटरवर, आणि दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, साधारण सदऱ्याच्या गुंडीएवढं. ५० मीटरवरची गुंडी! तिथं एका पेटीतली गोळी जरा वर आणि पुढची जरा खाली गेली तर चालत नाही. म्हणून मोठे नेमबाज एकाच कंपनीच्या काडतुसांच्या वेगवेगळ्या खेपा आपल्या रायफलीतून मारून बघतात आणि ज्या खेपेचं जमतं ती खेप साठवतात. आपण बियाणाचा लॉट नंबर बघतो तसंच. ही चांगली काडतुसं बहुतेक परदेशातून येतात, म्हणून महाग.

आता हिशेब. भाव बदलतात, म्हणून आम्ही नमुन्याचे आकडे धरतो. तुम्ही क्लबात विचारून खरे घाला. समजा एक छर्रा दोन रुपयांना पडतो आणि टू-टूचं एक काडतूस पंचवीस रुपयांना. मुलगी आठवड्याला पाच दिवस, रोज ६० नेम मारते. आठवड्याचे झाले ३००. वर्षाचे ५० आठवडे धरले तर १५,००० नेम. छऱ्यावर खर्च ३०,००० रुपये. टू-टूवर खर्च ३ लाख ७५ हजार रुपये. मुलगी तीच, मेहनत तीच, आणि खर्चात बारा पटीहून जास्त फरक. म्हणून सुरुवात कुठून करायची याचं उत्तर हा हिशेबच देतो. सुरुवात छऱ्यावर.

छऱ्याला कमी समजू नका. भारताला ऑलिंपिकमध्ये आजवर नेमबाजीची सात पदकं मिळाली. त्यातली चार हवेच्या बंदुकीवर आली. २००८ मध्ये अभिनव बिंद्राचं सुवर्ण, म्हणजे देशाचं पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक, छऱ्यावरचं. २०१२ मध्ये गगन नारंगचं कांस्य छऱ्यावरचं. २०२४ मध्ये मनू भाकरची दोन पदकं, त्यातलं एक सरबज्योत सिंगबरोबरचं, हवेच्या पिस्तुलावरची. आणि पॅरालिंपिकमध्ये अवनी लेखरानं टोकियो आणि पॅरिस अशा दोन्ही वेळा एअर रायफलमध्ये सुवर्ण घेतलं, चाकाच्या खुर्चीवर बसून. ज्या घरात अपंग मुलगी आहे, त्या घरानं हे विसरू नये. सगळ्यात स्वस्त नेमानं देशाला सगळ्यात जास्त पदकं दिली आहेत.

आता सराव आणखी स्वस्त कसा करायचा? त्यासाठी गोळी न झाडताच सराव करायचा. नेमबाज त्याला ड्राय सराव म्हणतात. रायफल रिकामी. उभं राहायचं, दस्ता खांद्याला लावायचा, श्वास सांभाळायचा, नेम धरायचा, चाप हळू दाबायचा. आवाज नाही, छर्रा नाही, पण चाप दाबताना हात हलला का हे स्वतःला कळतं. नेमबाजीत चुकतं ते बहुतेक इथेच. मोठे खेळाडूसुद्धा रोज हा सराव करतात. २०२० च्या टाळेबंदीत मैदानं बंद होती तेव्हा अनेकांनी घरातल्या भिंतीवर ठिपका लावून हेच केलं.

हिशेब पुन्हा मांडू. आठवड्यातल्या पाच दिवसांपैकी दोन दिवस ड्राय, तीन दिवस छर्रा. वर्षाचे नेम १५,००० वरून ९,००० वर आले. छऱ्यांचा खर्च ३०,००० वरून १८,००० वर. टू-टूवर गेल्यावर असंच केलं तर दीड लाख रुपये वाचतात. कुठल्याही लोखंडी पुंगळीनं एवढी बचत होणार नाही.

पण दोन गोष्टी सांभाळा. ड्राय सरावाआधी रायफल रिकामी आहे हे दोघींनी आपापल्या डोळ्यांनी बघायचं, एकीनं नाही. आणि जत्रेत असते तशी साधी स्प्रिंगची एअरगन छर्रा न घालता उडवायची नाही, तिच्या आतला भाग खराब होतो. स्पर्धेच्या रायफलीत ड्राय सरावाची वेगळी सोय असते. टू-टूवर ड्राय सराव करायचा तर प्रशिक्षक सांगेल तसाच.

बाकीच्या बचतीच्या वाटाही ऐका. रायफल लगेच विकत घेऊ नका. स्पर्धेची एअर रायफल लाखांच्या घरात जाते. पहिलं वर्ष-दोन वर्षं क्लबाच्या रायफलीवर काढा. जाड कॅनव्हासचं जाकीट, तेही क्लबात मोठ्या मुलींना लहान झालेलं मिळतं का विचारा. रोजच्या सरावाला साधा छर्रा, आणि स्पर्धेचा चांगला छर्रा स्पर्धेआधीच्या आठवड्यांत, असं प्रशिक्षकाला विचारून ठरवा. प्रवासात एसटीला महिलांना अर्धं तिकीट आहेच, पण वेळ मोजा. दोन तास जायला आणि दोन तास यायला लागत असतील तर मुलीच्या अभ्यासाचं काय, तेही वहीत लिहा.

सगळ्यात स्वस्त दार म्हणजे एनसीसी. शाळा-महाविद्यालयात एनसीसी असेल तर मुलीला टू-टू रायफल हातात मिळते, काडतुसं सरकारची, शिकवणारे सैन्यातले. ज्यांचा नेम चांगला, त्यांना पुढच्या स्पर्धांसाठी निवडतात. त्यांतली एक मोठी स्पर्धा ग. वा. मावळंकरांच्या नावाची आहे. मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष, आपलं मराठी माणूस. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली तेव्हाचे तेच अध्यक्ष. दुसरं दार राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीचं. निवड झाली तर राहणं, जेवण, प्रशिक्षण तिथेच. जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन निवड चाचणी कधी आहे ते विचारायचं. विचारायला पैसे लागत नाहीत.

या दारातून गेलेला मुलगा तुम्हाला माहीत आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. वडील शिक्षक, आई गावची सरपंच होती. नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला, पुढे रेल्वेत नोकरी लागली, आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलमध्ये त्यानं कांस्य जिंकलं. त्याच्या आधी, २०१० मध्ये, कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण घेऊन विश्वविजेतेपद मिळवलं. रायफल नेमबाजीत जगज्जेती झालेली ती पहिली भारतीय महिला. राही सरनोबतही कोल्हापूरची. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात तिनं सुवर्ण घेतलं. अशी नावं एकाच जिल्ह्यातून आली, कारण तिथं दुधाळीचं मैदान आहे, शिकवणारे आहेत, एक शिकली की दुसरीला घेऊन येते.

आता पोलीस भरतीवाल्या मुलींसाठी थोडं. काही खासगी वर्ग ‘फायरिंगचा सराव’ म्हणून वेगळी फी मागतात. आपल्या पोलीस शिपाई भरतीत मुलींना धावणं आहे, गोळाफेक आहे, लेखी परीक्षा आहे. गोळाफेक आहे, गोळीबार नाही. रायफल चालवायला भरती झाल्यावर सरकार शिकवतं, फुकट. तेव्हा त्या फीचे पैसे बूट, दूध-अंडी आणि पुस्तकांवर घाला.

शेवटी घरातल्या काळजीची गोष्ट. छर्रा शिशाचा असतो, आणि शिसं शरीरात गेलं तर लहान मुलांच्या मेंदूला आणि पोटातल्या बाळाला अपाय करतं. काही मुलं छर्रे तोंडात धरून रायफल भरतात, ती सवय पहिल्या दिवशीच मोडा. सराव झाला की साबणानं हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. सरावाचे कपडे वेगळे धुवा. छऱ्यांची डबी तान्ह्या-रांगत्या मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. घरात गरोदर बाई असेल तर सरावाचं सामान तिच्या खोलीत नको.

आणि एअरगन खेळणं नाही. ठरावीक ताकदीपर्यंतच्या साडेचार मिलिमीटरच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, पण डोळा जायला तेवढी ताकद पुरते. नळी कधीही माणसाकडे किंवा जनावराकडे करायची नाही. नेम धरेपर्यंत बोट चापाला लावायचं नाही. काम झालं की कुलपात, आणि छर्रे वेगळ्या कुलपात. पाखरं मारायला तर अजिबात नाही, तो गुन्हा आहे.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं करा. कुणाच्या मुलीला नेमबाजी शिकायची असेल तर गटाच्या वहीत एक पान काढा. जवळचं मैदान किती लांब आहे? क्लबाची रायफल मिळते का? महिन्याची फी किती? एका छऱ्याचा भाव काय? आठवड्याला किती नेम मारायचे आणि किती दिवस ड्राय सराव करायचा? तिथं मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, बाई प्रशिक्षक आहे का? हे आकडे आणि उत्तरं भरल्यावर वर्षाचा खर्च समोर येईल. मग गटातून कर्ज द्यायचं की नाही, किती द्यायचं, हे अंदाजानं नाही, आकड्यांवर ठरेल. आकडा आपल्या आवाक्याबाहेर असेल तर एनसीसीचं आणि क्रीडा प्रबोधिनीचं दार ठोठावा, आणि मुलीला खरं काय ते सांगा. तिला हिशेब कळतो. नुसतं ‘मुलीच्या जातीला बंदूक कशाला’ असं म्हणून मात्र पान मिटू नका. त्या वाक्याला हिशेबात कुठलाच रकाना नाही.

आजच्यासाठी एवढंच. बोलणं पटलं तर शेजारणीला सांगा.